दुपारच्या सुया

सदाशिव पेठेतल्या माझ्या दवाखान्यावर पाटी होती : 'दुपारी एक ते चार बंद. जनावर फार आजारी असल्यास मालकांनी वेळेत यावे.' मजकूर माझाच, आणि मला त्याचा अभिमान होता. जनावरांची डॉक्टर म्हणून माझं बरं चाललं होतं; त्यात मी ॲक्युपंक्चर शिकून आले. आता कुत्र्यांना सुया टोचणार का, असं शेजारच्या केमिस्टनी विचारलं. मी म्हटलं, कुत्री निदान मला शिकवायला येत नाहीत.

तेव्हा घरोघरची मुलं कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला जात होती आणि त्यांची कुत्री मागे आईवडिलांकडे राहत होती. असाच एक डॅशहुंड घेऊन एक निवृत्त मामलेदार काका आले. मणक्यातली चकती सरकून त्याचे मागचे दोन्ही पाय लुळे पडले होते. औषधं चालू होती, पण गुण नव्हता. मुलगा फोनवर सांगत होता, बाबा, त्याचे हाल नकोत, शेवटचं इंजेक्शन देऊन टाका. काकांनी महिनाअखेरपर्यंत मुदत मागून घेतली होती.

"डॉक्टर," ते म्हणाले, "आमची ही गेल्यापासून दुपारी घरात श्वास ऐकू येतो, तो याचाच."

मी म्हटलं, उभा करते. असं बोलून मोकळं व्हायचा माझा स्वभावच आहे.

पण सुया लावल्यावर वीसेक मिनिटं स्वस्थ पडून राहावं लागतं. दवाखान्यात हा थरथरायचा, अंग झटकायचा आणि सुया टेबलाखाली जायच्या. शेवटी मी विचारलं, घरी हा स्वस्थ कधी पडतो? काका ओशाळून म्हणाले, एक ते चार.

झालं. माझ्याच पाटीखाली कुलूप लावून मी भर दुपारी स्कूटर काढू लागले. काका पडदे ओढून चटईवर आडवे होत, कुत्रा त्यांच्या पोटाला टेकून. मी कण्यालगत आणि मागच्या पायांत सुया लावल्या की तो सुस्कारा सोडून घोरू लागे. पाठोपाठ काका. आणि सांगायला लाज कसली, खुर्चीत मीही. मुलानं फोनवर चौकशी केली की काका सांगत, झोप छान लागते आहे. कुणाची, ते सांगत नसत.

महिना संपत आला. शेपूट हलू लागलं होतं, चिमटा घेतला की पाय आखडत होता, पण उभं राहणं नाही. माझी खात्री ढळली नव्हती. काकांची ढळत होती, आणि ते मला बघवत नव्हतं.

अशाच एका दुपारी बेल वाजली. भर दुपारी, पुण्यात! काकांच्या कपाळावर आठी उमटायच्या आधी कुत्रा भुंकला. पुढचे पाय टेकले, मागचे थरथरत सरळ झाले, आणि पाठीवर सुयांची रांग घेऊन तो झोकांड्या खात दाराकडे निघाला. मी मागोमाग सुया काढत होते आणि माझे डोळे भरून आले होते.

दारात क्रेडिट कार्ड विकणारी मुलगी होती. काका तिला म्हणाले, "या, बसा. चहा घेणार ना?"

ते आत गेले, पण गॅस पेटल्याचा आवाज आला नाही. अमेरिकेत तेव्हा सगळे गाढ झोपेत असणार.

"झोपला होतास?" काका फोनवर विचारत होते. "मग ऊठ. इथे तो उठलाय."

चहा शेवटी मीच टाकला.