पंख्यावर उगारलेली काठी

आमच्या पठारावर पवनचक्क्यांना सगळे पंखेच म्हणतात. पेरणी खोळंबलेले आमचे शेजारी धोंडीतात्या काल एका पंख्याखाली काठी उगारून उभे होते. "ढग हाकलतुयास व्हय रं? थांब!"

बघणारे हसत होते. पवनचक्कीला राक्षस समजून भिडणाऱ्या वेड्याची जुनी स्पॅनिश कादंबरी मी तीनदा वाचलीय आणि दर वेळी त्याचीच बाजू घेतलीय. तरी तात्यांना मात्र समजवायला गेलो, की पंखा वारा घालत नाही, वाऱ्यानं फिरतो.

"लोक वेडं म्हणतील, तात्या."

"म्हणू देत की. तू कुणाकडनं?"

शहाणपण ही किती वेळा नुसती न भांडायची सबब असते! मी पिशवीतली छत्री काढली आणि तात्यांच्या शेजारी, पंख्यावर उगारून उभा राहिलो.