कॉम्प्युटरचं कुलूप

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. इंदापूरहून एसटीनं मी लोणी देवकरच्या एका रंगाच्या कारखान्यात जायचे. कंट्रोल रूममध्ये मी एकटीच बाई, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून लागलेली. आमचे मुख्य ऑपरेटर पणदऱ्याचे. सगळा कारखाना त्यांना तात्या म्हणायचा.

आधी रंगाच्या टाकीत माणूस उतरायचा असला, की तात्या आतल्या मिक्सरचे फ्यूज काढून खिशात टाकायचे. कॉम्प्युटर आला आणि ती रीत मोडली. आता पडद्यावरच मिक्सरला कुलूप घालायचं, ते फक्त तात्यांच्या पासवर्डनं उघडायचं. फ्यूजला हात लावायचा नाही, असा मॅनेजरांचा हुकूम होता.

ते कुलूप खोटं होतं. पासवर्ड विचारणारी चौकट आली, की एस्केपचं बटण दाबायचं. चौकट निघून जायची आणि पासवर्ड मिळाल्यासारखं सगळं उघडायचं. मला हे चुकूनच कळलं. कॉम्प्युटरच्या कामाला पुण्याहून येणाऱ्या इंजिनिअरला मी ते दाखवलं, तर तो हसला. "मॅडम, इथं कोण दाबतंय ते?" मॅनेजर म्हणाले, पुढच्या वेळी बघू. हळूहळू ऑफिसर लोकांना ते कळलं, आणि तात्यांना बोलवायचा कंटाळा आला की तेही एस्केप दाबायला लागले.

एका दुपारी लोणी भापकरचा एक फिटर मिक्सरचं पातं बदलायला टाकीत उतरला. तात्यांनी कुलूप घातलं, मला पडद्यावर दाखवलं आणि दिवा धरून टाकीच्या तोंडाशी उभे राहिले. दुसरा कॉम्प्युटर प्रॉडक्शन ऑफिसरच्या केबिनमध्ये होता, तिथूनही मिक्सर सुरू करता यायचा. त्यांना मालाची घाई होती. माझ्यासमोर पडद्यावरचा लाल मिक्सर एकदम हिरवा झाला, म्हणजे सुरू झाला. मी झडप घालून तो बंद केला, पण तोवर तात्यांची किंकाळी काचेतून आत आली होती. फिटर जागीच गेला होता.

चौकशीत कंपनीचं म्हणणं एकच. पासवर्डशिवाय मिक्सर सुरू होत नाही, म्हणजे तात्यांनी तो कुणाला तरी दिला. मी उठले आणि सगळ्यांसमोर एस्केप दाबलं. कुलूप उघडलं. प्रॉडक्शन ऑफिसर खाली बघत बसले. मॅनेजर एवढंच म्हणाले, "बंद करा ते."

पोलीस जबाबाला यायच्या आत पुण्याचा इंजिनिअर नवा प्रोग्राम घालून गेला. पोलिसांपुढं मी पुन्हा पुन्हा बटण दाबलं. चौकट हलली नाही. तात्यांना जीपमध्ये बसवलं, तेव्हा ते मला म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी, किती दाबशील."

मी नोकरी सोडली आणि लोणी भापकरला गेले. फिटरच्या बायकोला सगळं सांगितलं.

"म्हंजी त्या मानसानं न्हाय केलं?"

"नाही. ते तर दिवा धरून उभे होते."

"आमच्या भावकीनं त्यांच्या दारात जाऊन शिव्या दिल्या. मी बी गेले व्हते. थुकले मी तितं." तिनं पदर सारखा केला. "मला पणदऱ्याला न्या."

तात्या जामिनावर सुटून घरी होते. तिला बघून ते उठले.

"तात्या, तुमी न्हाय केलं. कळलंय मला."

त्यांनी मान हलवली. "त्यानं आतनं हाक मारली व्हती, बाई. मला वढून काढता आलं न्हाय." मग दोघंही रडले. तात्यांच्या बायकोनं चहा केला, तो कुणी प्यायला नाही.

खटला कितीतरी वर्षं चालला. पुरावा नाही म्हणून तात्या सुटले. प्रॉडक्शन ऑफिसरचं नाव कुठल्याच कागदावर आलं नाही. ते बदली होऊन गेले. पणदऱ्यात मात्र तात्या रस्त्यानं निघाले, की पारावरची माणसं बोलता बोलता थांबायची.