काकांची सव्वापाचची गाडी

शेवटच्या दिवशी काकूने काकांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. म्हणाली, "ऑफिसात जायचंय, तो ग्रीसचा नको." काका म्हणाले, "अगं, ग्रीस बघून तरी त्यांना कळेल की गाडी रोज चालते." पण घातला. अकरा वाजता परिवहन ऑफिसात सुनावणी होती. गाडी चालणार की जप्त होणार, ते तिथे ठरणार होतं.

गाडी म्हणजे जुनी पांढरी व्हॅन. मागचं दार दोनदा ओढल्याशिवाय लागत नाही. चौदा वर्षं ती पहाटे सव्वापाचला टेकडीवरच्या वस्तीतून निघायची आणि खाली मोठ्या दवाखान्याच्या गेटावर जायची. दवाखान्यात झाडलोट, भांडी, कपडे धुणं, सगळ्यांची पाळी सहाला सुरू होते आणि सरकारी बस येते सातला. लोकांनी अर्ज दिले, सह्या दिल्या. उत्तर एकच, विचार चालू आहे. काका म्हणायचे, "त्यांचा विचार होईपर्यंत आपण जाऊन येऊ." तशी ती गाडी सुरू झाली. कोणाला विचारलं नाही, कोणाकडे काही मागितलं नाही.

गाडीच्या दाराला एक पाटी टांगलेली, दोरीला खडू. बसायच्या जागा आठ. जो चढेल त्याने आकडा पुसायचा आणि एकने कमी करून लिहायचा. म्हणजे गल्लीतून येणाऱ्याला लांबूनच कळतं, पळायचं की नाही. शून्य झालं की गाडी निघाली, कोंबाकोंबी नाही. काका स्वतः कधी पाटीला हात लावायचे नाहीत. "बसणारे तुम्ही, तर मोजा पण तुम्हीच." दवाखान्यात भांडी घासणारी एक मावशी आकडे त्या पाटीवरच शिकली. आठापासून खाली झरझर लिहिते, पण आठाच्या वर नेलं की अडलीच.

काकांना ताप आला की गाडी काकू चालवायची. पाच वर्षांपूर्वी काकांनीच तिच्या मागे लागून लायसन काढायला लावलं होतं. पहिल्या दिवशी तिने गाडी गटारात घातली तेव्हा काका म्हणाले, "गटार कुठे आहे ते आता पक्कं लक्षात राहील."

मग ती नोटीस आली. हा रस्ता सरकारी बसचा आहे, दुसऱ्या कोणी इथे माणसं बसवायची नाहीत.

ऑफिसात मोठ्या टेबलामागे एक मॅडम होत्या. वयाने लहान, पण तोंड कडक. कागद चाळून म्हणाल्या, "तुमच्याकडे सातला बस आहे ना, काका?"

"आहे ना. आणि पाळी सहाला आहे."

"उद्या अपघात झाला तर जबाबदार कोण?"

"मी. तुम्ही गाडी तपासा. दर महिन्याला तपासा. ब्रेक लागत नसेल तर जागेवर उभी करा, मी हूं की चूं करणार नाही. ते तुमचं कामच आहे. पण कोणी कितीला कुठे जायचं ते तुम्ही कशाला ठरवता? ज्याला जायचंय त्याला ठरवू द्या. मला काही देऊ नका मॅडम, नुसतं अडवू नका."

शेजारचा कारकून हसला. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "बरं. चौदा वर्षांत एक तक्रार नाही तुमची. खास तुमच्या एकट्यापुरती सूट देते. फक्त तुमच्या नावाने, दुसऱ्या कोणाला नाही. चालेल?"

काकू बरोबर आली होती, तिच्या जिवात जीव आला. तिने पिशवी उचलली पण.

काका म्हणाले, "नको."

"काय?" मॅडम आणि काकू एकदमच बोलल्या.

"रागावू नका. एकट्याला दिलंत तर उद्या मी साडेपाचला निघेन, परवा पावणेसहाला. लोक जातील कुठे? दुसरी गाडीच नाही. मीच सातच्या बससारखा होऊन बसेन. द्यायचं तर ज्याच्याकडे लायसन आहे आणि ज्याची गाडी तपासणीत पास झालीये, त्या सगळ्यांना द्या."

मॅडमनी पेन उचलून कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "पंधरा दिवसांत लेखी कळवू."

जिना उतरून काकू गाडीत बसली आणि सुटली. "हातातोंडाशी आलेलं घालवलंत! चौदा वर्षं तुम्ही झिजलात आणि दार उघडून दिलंत जगाला? तो शिट्टीवाला तर टपूनच बसलाय!"

शिट्टीवाला म्हणजे खालच्या गल्लीतला एकजण. नवी व्हॅन घेऊन बसला होता, पण नोटिशीच्या भीतीने माणसं बसवत नव्हता. हॉर्न वाजवायच्या ऐवजी तोंडाने शिट्टी मारायचा. काकूला ती शिट्टी ऐकली तरी राग यायचा.

काका म्हणाले, "येऊ दे की. त्याची गाडी बरी असली तर मीच बसेन तिच्यात."

"बसा! आणि जेवायला पण त्याच्याकडेच जा!"

काका हसले. काकू हसली नाही. घरी येऊन बोललीच नाही.

संध्याकाळी काका गाडीची काच पुसायला गेले. रोज काकू चहा गाडीपाशी नेऊन द्यायची. त्या दिवशी तिने घरातूनच हाक मारली, "चहा निवतोय." पाच मिनिटांनी परत मारली. मग जाऊन बघितलं तर काका स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलेले, हातात फडकं. काकू ओरडली तसा शिट्टीवाला आपली गाडी घेऊन आला. त्यानेच दोघांना दवाखान्यात नेलं. सबंध रस्ता हॉर्नवर हात, तोंडातून आवाज नाही. पण काका वाटेतच गेले होते.

काकूला सगळ्यात जास्त तो चहा लागला. अजून म्हणते, "नेऊन दिला असता तर काय झिजले असते मी?" सगळे सांगतात, अगं, राग तर घरच्यावरच काढतात, त्यांना काय ते माहीत नव्हतं? ती मान हलवते आणि परत तेच म्हणते.

गाडी दारात उभी राहिली. वस्तीतले लोक पाऊण तास आधी उठून चालत जायला लागले. एक आजोबा डायलिसिसला जायचे, त्यांना दोघं धरून न्यायचे. जाता जाता मावशी गाडीच्या काचेवरची धूळ पदराने पुसायची. काकू खिडकीतून बघायची आणि पडदा ओढून घ्यायची.

बाराव्या दिवशी ऑफिसचं पत्र आलं. काकू पाकीट फोडेना. म्हणाली, "माणूसच नाही तर परवानगी कोणाची?" शेवटी मावशीने फोडलं आणि तिच्या हातात दिलं. काकूने बोट फिरवत वाचलं. सहा महिने चालवून बघायचं. लायसन असलेला चालक आणि तपासणी झालेली गाडी असेल तर या रस्त्यावर कोणासही माणसं नेता येतील.

"कोणासही," काकू म्हणाली. परत वाचलं. पत्रात काकांचं नाव कुठेच नव्हतं. नाव असतं तर काका गेल्यावर ते पत्र नुसता कागद ठरलं असतं.

तिने पत्राची घडी घातली. मग उठून कपाटातून स्वतःचं लायसन काढलं.

चार दिवसांनी गाडी तपासून आली. ब्रेक पास. मागचं दार तसंच, दोनदा ओढायचं. पहाटे पाचला काकू गाडी घेऊन लोक चढायचे त्या वळणावर गेली, तर तिथे शिट्टीवाला आधीच उभा. तिचं डोकं सणकलं. पण तो गाडीतून उतरून समोर आला आणि खाली बघत म्हणाला, "काकू, तुमची आधी भरू द्या. उरले तर मी नेतो."

"उरले तर का? ज्याला जिथे बसायचं तिथे बसेल," काकू म्हणाली. आवाज जरा काकांसारखाच निघाला.

लोक यायला लागले. मावशीने पाटीवर पहिला आकडा लिहिला, सात. मग सहा, मग पाच. भरभर शून्य झालं. मागून आजोबा काठी टेकत आले, शून्य बघून थांबले. मग शिट्टीवाल्याच्या गाडीकडे वळले, पण तिथे पाटीच नाही, जागा आहे की नाही कळेना.

काकू खाली उतरली. दोरीचा खडू सोडवला, मधोमध मोडला आणि अर्धा शिट्टीवाल्याच्या हातावर ठेवला.

"दारावरच लिहायचं आज," ती म्हणाली. "पाटी उद्या आण. आणि आजोबांना लिहू दे. तू नाही लिहायचं."