टेस्टिंगला विचारायची रीत

दुसऱ्यांनी बनवलेल्या ॲपमधल्या चुका शोधणं हा माझा धंदा. कंप्युटरवाली म्हणजे काहीतरी घडवत असेल, असं लोकांना वाटतं. मी घडवत काही नाही, खुसपटं काढते. घरी याच सवयीवर सासूबाई करवादायच्या, "हिला सगळ्यात खोटच दिसते." इंदूरच्या विजय नगरातल्या ऑफिसात त्याच सवयीचा पगार मिळतो, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

आमच्याकडे एक रीत होती. आमचे ग्राहक म्हणजे अमेरिकेतले दातांचे दवाखाने. नवं काम त्यांच्या हवाली करायच्या आधी संध्याकाळी सगळे कॉलवर यायचे आणि टीम लीड एकेकाला विचारायचा. सर्व्हर? गो. डिझाइन? गो. सगळ्यात शेवटी, "टेस्टिंग?" टेस्टिंग म्हणजे मी. मी 'गो' म्हटलं की काम पुढे जायचं, 'नो-गो' म्हटलं की तिथंच थांबायचं. मग पलीकडे अमेरिकेतला साहेब का असेना, गप बसायचा.

खरं सांगते, मला त्या प्रश्नाचं व्यसन लागलं होतं. कारण तोवर मला कोणी काही विचारलंच नव्हतं. बी.एस्सी. केलं, ते कॉलेज घराजवळ होतं म्हणून. लग्नाच्या वेळी आई एवढंच म्हणाली, "रविवारी पाहुणे येताहेत, केस धुऊन घे." छत्रीबागेत सासरी तर पडद्यांचा रंगसुद्धा आधीच ठरलेला असायचा. आणि इथं इतकी शिकली-सवरलेली माणसं माझ्या एका शब्दासाठी ताटकळत बसायची.

पहिल्यांदा 'नो-गो' म्हटलं ते तारखेच्या घोळावरून. एका राज्यात घेतलेली अपॉइंटमेंट दुसऱ्या राज्यातून बघितली की एक दिवस आधीची दिसत होती. लीड वैतागला, "मॅडम, इतनी-सी बात के लिए?" मी म्हटलं, "ज्याची दाढ ठणकतेय ना, त्याला जाऊन सांगा, इतनी-सी बात है." काम थांबलं. पुढे एक-दोनदा माझी शंका फुसकी निघाली, लोकांनी माझ्या नावानं खडे फोडले. पण पुढच्या कॉलला शेवटी मलाच विचारलं.

मागच्या वर्षी हेड ऑफिसातून एचआरच्या बाई आल्या. माझ्याहून लहान, गोड बोलणाऱ्या. त्यांनी टीमला गोल करून बसवलं, पोहे मागवले आणि म्हणाल्या, इथं काम करताना काय आवडतं, काय नाही, मोकळेपणानं सांगा. आधी सगळे पोह्यांकडेच बघत राहिले. मग एकेकाचं तोंड उघडायला लागलं. कोणाला एसी आवडतो, कोणाला थेट दारापर्यंत सोडणारी गाडी. सर्व्हरवाल्यानं मनातली भडास काढली, "अमेरिकेच्या सगळ्या सुट्ट्या मिळतात. आणि रंगपंचमीला पूरा इंदूर रस्त्यावर असतो, तेव्हा आम्ही रजेसाठी हात जोडत फिरतो." डिझाइनवाली म्हणाली, वर्षभर मेलमध्ये 'ऑसम, ऑसम' येतं, अप्रेझलच्या वेळी ते ऑसम कुठं गायब होतं ते कळत नाही. सगळे हसले, बाईसुद्धा.

माझी पाळी आली. म्हटलं, "मला विचारतात, ते आवडतं."

बाईंना कळेना. मग मी कॉलची रीत समजावून सांगितली. त्यांनी मान हलवली आणि भिंतीवरची स्लाइड बदलली. आता सगळ्या टेस्ट सॉफ्टवेअरच करणार होतं. सगळं ठीक असलं की स्क्रीनवर हिरवी खूण येणार आणि काम आपोआप पुढे जाणार. कॉल राहणार, पण त्यात टेस्टिंगला विचारायचं नाही. मला 'क्वालिटी को-ऑर्डिनेटर' करत होते. पगार तोच, कटकट कमी.

"माझं तर 'नो-गो' है याला," मी म्हटलं.

"मॅम, पूछ नहीं रहे हैं," बाई म्हणाल्या, "बस बता रहे हैं." आवाज तसाच गोड होता. मला इतका संताप आला की हातातली प्लेट मी तशीच खाली ठेवून दिली. बाकीचे परत पोह्यांकडे वळले. घरांचे हप्ते सगळ्यांनाच आहेत, मलाही आहेत, म्हणून मीही पुढे बोलले नाही.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरंच झालं की, डोक्याचा ताप गेला." वाईट मनानं नाही म्हणाला तो. पण मला रडू फुटलं, आणि का फुटलं ते काही त्याला समजावता येईना.

पुढच्या कॉलला मी वेळेवर येऊन बसले. कोणी सांगितलं नव्हतं, तरी दिवसभर सगळं काम माझं मी तपासून पाहिलं होतं. लीडनं सुरू केलं. सर्व्हर? गो. डिझाइन? गो. मग तो जरासा थांबला. माझा माइक चालू होता. तेवढ्यात स्क्रीनवर हिरवी खूण आली आणि तो म्हणाला, "चलो, हो गया."

त्या दिवशीच्या कामात एकही चूक नव्हती. मला विचारलं असतं, तर मी 'गो'च म्हणाले असते.