तळ्यातली पानं पिवळी पडली तेव्हा

त्या तळ्याचं प्रकरण निघालं की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त झालो, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, तरी तापतं.

भाईंदर पूर्वेच्या एका जुन्या गावठाणातलं ते तळं. चारी बाजूंनी इमारती आणि गाळे. एका सकाळी तळ्यातले मासे उलटे होऊन तरंगत होते आणि मी इन्स्पेक्टर होतो त्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला, गावातल्याच एकानं विष घातलंय. संशयित आगरी, पन्नाशीचा. तिथली मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराकडे होती, यंदा ठेका दुसऱ्याला गेला होता. त्यावरून तो चारचौघांत भांडला होता. घरझडतीत भाजीवर फवारायच्या औषधाची अर्धी बाटली सापडली. अजून काय हवं? त्याला अटक केली.

कोठडीत खोटं बोलणारा माणूस बहुधा कहाण्या रचत बसतो. हा नुसता चिडायचा. "मी तल्यान इख टाकला न्हाय. माज्या आज्यानं खनलेला तला हाय तो." याच्या पलीकडे शब्द नाही. गावात त्याच्या बायकोशी कुणी बोलेना. आणि साहेबांचा रोज फोन, कबुली घ्या, विषय मिटवा.

मी पंचनाम्याचे फोटो पुन्हा काढून बसलो. तळ्यातल्या वनस्पती पार पिवळ्या, पांढुरक्या पडल्या होत्या. एका रात्रीत टाकलेल्या औषधानं मासे मरतील हो, पण पानं एका रात्रीत अशी होतील? जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंना बोलावलं. त्यांनी ठाण्याच्याच खिडकीत, उन्हात, दोन बरण्या मांडल्या. दोन्हींत सारखीच ताजी पाणवनस्पती. एकीत स्वच्छ पाणी, दुसरीत तळ्याचं. पहिलीत देठातून बुडबुडे येत राहिले. दुसरीत ते मंदावत गेले आणि दुसऱ्या दिवशी बंदच पडले. अख्खं ठाणं काम सोडून बघत होतं. बाई म्हणाल्या, तांबं, क्रोमियम असले जड धातू पाण्यात मिसळले की पानातलं हरितद्रव्य नासतं. मग उन्हात अन्न तयार करायचं वनस्पतीचं काम थांबतं आणि त्यातून पाण्याला मिळणारा प्राणवायूही थांबतो. मासे गुदमरून मेले असणार, आणि पानांची ही अवस्था एका दिवसातली नव्हे.

तळ्याच्या वरच्या अंगाला नळांवर तांब्या-क्रोमियमचा मुलामा चढवणारा एक कारखाना होता. मालकानं परवान्याचे कागद पुढे केले. पाणी शुद्ध करूनच सोडतो, म्हणाला. केबिनमध्ये त्याची हौसेची माशांची टाकी होती, हिरव्यागार वनस्पतींसकट. मी हवालदाराला त्याच कारखान्याच्या मागच्या गटारातलं पाणी कॅनमध्ये भरून आणायला लावलं.

"शुद्ध है ना सेठ? फिर इसमें डालता हूँ," म्हणत मी टाकीचं झाकण उचललं.

मालक खुर्चीतून उठून टाकीला आडवा आला. "नहीं साहब, सब मर जायेंगे."

कोर्टात याला पुरावा म्हणत नाहीत. पण कुठं खणायचं ते कळलं. पंचांसमक्ष मागची फरशी उखडली, तर शुद्धीकरणाच्या टाकीला वळसा घालून एक पाइप थेट तळ्याकडे गेलेला. पाइपातल्या आणि तळ्यातल्या पाण्याच्या नमुन्यांत तांबं आणि क्रोमियम निघालं. तो निनावी फोनही मालकानंच वॉचमनकडून करवला होता, हे वॉचमननंच सांगितलं.

वरून निरोप आला, माणूस वजनदार आहे, कलमं सौम्य लावा. मी सांगितलं, माझी बदली करा, कलमं बदलणार नाहीत. बदली झाली. कलमं मात्र होती तशीच कोर्टात गेली.

पण जाण्याआधी एक काम उरलं होतं. कोर्टानं त्या आगऱ्याला सोडायचा हुकूम दिला आणि मी त्याला म्हटलं, जा घरी. तो बाकावरून उठेना.

"मना सगल्यांसमोर जीपमंदी घातलाव. तसाच सगल्यांसमोर नेऊन सोरा. मी चालत जानार न्हाय."

बरोबर होतं त्याचं. भर बाजाराच्या वेळी जीप तळ्यापाशी उभी केली, मी स्वतः उतरून त्याच्यासाठी दार उघडलं आणि जमलेल्या गावाला मोठ्यानं सांगितलं की यानं विष घातलेलं नाही. त्याची बायको गर्दीतून पुढे आली आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत त्याला घरी घेऊन गेली.

अटक जेवढ्या गाजावाजात केली, सुटकाही तेवढ्याच गाजावाजात करायची, हे मी त्या माणसाकडून शिकलो. पुढे प्रत्येक ठाण्यात हेच केलं. वरिष्ठ चिडायचे. चिडू देत.