कुलसुम मॅडमना न चाललेलं चित्र

स्कॅनचं चित्र पडद्यावर यायला जरा उशीर झाला, की डॉ. कुलसुम मॅडम खुर्ची गर्रकन फिरवून माझ्याकडे पाठ करत. "आलं की सांग," म्हणत. अकोल्यातल्या त्यांच्या सीटी स्कॅन सेंटरसाठी चित्रं बघायचं सॉफ्टवेअर मी लिहिलं होतं. काही बिनसलं की अमरावतीहून बसने मीच जायचो, आणि मूर्तिजापूर येईस्तोवर मनातल्या मनात त्यांच्याशी भांडून घ्यायचो.

एका डोक्याच्या स्कॅनमध्ये शेकडो चित्रं. माउसचं चाक फिरवत डॉक्टर ती थरामागून थर बघतात. सुरुवातीला प्रत्येक चित्र मागितल्यावरच यायचं, त्यामुळे अडखळायचं आणि तोवर पडद्यावर 'थांबा'चं चक्र फिरत राहायचं. "पेशंट बाहेर उलट्या करून राहिला अन् तुयं चक्कर गोलगोल फिरून राहिलं!" मॅडम सगळ्या स्टाफसमोर ओरडल्या. मग मी सगळी चित्रं आधीच मेमरीत भरून ठेवली. वेग आला, पण तुलनेसाठी जुना स्कॅन शेजारी उघडला की मेमरी भरून कॉम्प्युटर गारद. मेमरी वाढवा, म्हणालो.

"मशीन कावून वाढवू? तू डोकं वाढव."

दात-ओठ खात शेजारी बसून मी त्यांचा हात पाहिला. त्या खालून वर सलग जायच्या आणि शंका आली की तेवढ्याच भागात घुटमळायच्या. म्हणून चाक ज्या दिशेला चाललंय तिकडची थोडी चित्रं आधी आणली, मागची मोजकी ठेवली, लांबची टाकून दिली. त्यातूनही त्या फार वेगात गेल्या, तर आधी हलकं, धूसर चित्र दिसायचं. खरं मागून यायचं.

हे बसवलं त्याच दुपारी मोटारसायकलवरून पडलेला एक माणूस आला. मॅडम भराभर वर गेल्या. "नॉर्मल," असं टायपिस्टला सांगून त्यांनी माउस सोडला, तेवढ्यात चित्र स्वच्छ झालं. कवटीच्या आतल्या कडेला रक्ताची बारीक पांढरी रेघ होती.

त्यांनी आधी सर्जनला फोन लावला. माणूस पुढे वाचला. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"उशीर झाला तं मी थांबीन, तुले शिव्या देईन. पण खोटं दाखवलं तं मी थांबतच नाई, अन् पेशंट मरते. पडदा काळा ठेव. धूसर नको."

"पण मॅडम, वेग तुम्हीच मागत होता."

"वरतून बोलून राहिला? बेशरम!"

मी धूसर चित्र काढून टाकलं. काही महिन्यांनी त्यांनी काम दुसऱ्या कंपनीला दिलं. कारण विचारलं, तर म्हणाल्या, "तुयं तोंड पाहून मायं बीपी वाढते." आभार सोडाच, निघताना चहासुद्धा विचारला नाही. मला ती बाई आजही आवडत नाही.

गेल्या वर्षी आईचं डोकं सतत दुखायला लागलं. डॉक्टरांनी स्कॅन सांगितला. अमरावतीत आमच्या राजापेठेतल्या घरापासून हाकेच्या अंतरावर एक स्कॅन सेंटर आहे. मी गाडी काढली आणि आईला अकोल्याला नेलं. मॅडमनी मला ओळखलं. पण ओळख दाखवली नाही. "नातेवाईक बाहेर," एवढंच म्हणाल्या. मी बाहेरच्या बाकावर टेकलो आणि कितीतरी दिवसांनी माझा डोळा लागला.