वैजूच्या नावाने आलेला मेल

वैजूला जाऊन महिना होत आला होता, आणि एका दुपारी मला तिचा मेल आला. बोईसरच्या आमच्या रंगद्रव्यांच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. डबा धुऊन मी जागेवर येऊन बसले, तर पडद्यावर सगळ्यात वर तिचं नाव. वैजयंती जगदाळे. खाली इंग्रजीत एकच ओळ होती, की सोबतची फाईल पाहावी, आणि त्याखाली ती फाईल. शहाण्या माणसाने एका क्षणात ओळखावं असा तो मेल होता. मीही ओळखला. तरीही माझा हात माऊसवरून हलेना...

त्याला कारण होतं. वलसाडच्या दवाखान्यात मी तिला शेवटची भेटले, तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. यकृताच्या दुखण्याने चेहरा पिवळा पडला होता, पण जीभ शाबूत होती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सला ती काही ना काही सुनावत होती. मी निघाले तशी तिने माझा हात धरला. म्हणाली, "मीनल, तुला एक सांगायचंय. इथं नको, इथं सारखी माणसं येतात. घरी गेले की मेल करते." मी हसले, म्हटलं, तू आणि मेल? तुझा तर मेलवर काडीचा विश्वास नाही. त्यावर म्हणाली, "तुझ्यावर आहे की." ती घरी आली खरी. पण थोड्याच दिवसांनी भल्या सकाळी तिच्या नवऱ्याचा, जगदाळे भावोजींचा फोन आला. "मीनल, ये," एवढंच म्हणाले ते. पुढचं विचारायची गरज पडली नाही. तिला मला काय सांगायचं होतं, ते तिच्याबरोबरच गेलं असं मी धरून चालले होते. आणि आता हा मेल.

वैजू मूळची कराडकडची. नवरा इथल्या वीजकेंद्रात लागला म्हणून तारापूरला आली आणि वसाहतीत राहायला लागली. मी एडवणची, समुद्राकाठची. ती आमच्या खरेदी विभागात रुजू झाली त्या पहिल्याच दिवशी पंख्यावरून आमचं वाजलं. तिला तो जोरात हवा होता आणि माझे कागद उडत होते. दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिने डब्यातला खर्डा न बोलता माझ्या पोळीवर वाढला आणि मी तो खाऊन रडले. तिखटाने हो! मग मैत्री झाली ती झालीच. बाई तोंडाने फटकळ आणि मनाने आंब्याच्या रसासारखी, असं आम्ही तिला चिडवायचो, आणि तेही तिला आवडायचं नाही.

तिला सगळे ओळखायचे ते मात्र एका सवयीमुळे, आणि ती सवय तिला एका पत्रिकेने लावली. मनोरचे रमाकांतभाऊ, त्यांच्या गाड्यांतून आमचा माल जायचा. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि आहेराला कुठल्या रंगाची साडी घ्यायची यावर वैजूने आमचं डोकं खाल्लं होतं. अशात त्यांच्या नावाने मेल आला, 'सस्नेह निमंत्रण', सोबत फाईल. आता आपल्याकडे आलेली पत्रिका न उघडता ठेवणं म्हणजे दारात आलेल्या माणसाला परत पाठवणं. तिने हाका मारून आम्हा सगळ्यांना गोळा केलं. छापून काढून ऑफिसातल्या गणपतीपुढे ठेवायची असंही तिचं ठरलं होतं. तिने फाईलवर टिचकी मारली, काहीच उघडलं नाही. पुन्हा मारली. कॉम्प्युटरला नावं ठेवत आणखी एकदा मारली. मग एकेक फाईल डोळ्यांदेखत बंद पडत गेली आणि शेवटी पडद्यावर इंग्रजीत खंडणीची धमकी आली. तारेतून हा रोग लॅबच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचला. तपासणीचे रिपोर्ट निघेनात, रिपोर्टशिवाय माल सोडता येईना, आणि भरलेल्या गाड्या फाटकात उभ्या.

साहेब कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसावर तोंड टाकत होते. तो बिचारा खाली मान घालून उभा. वैजू उठली आणि सरळ म्हणाली, "साहेब, त्यांना बोलू नका. मी उघडलं." नोकरी जाईल अशीच तिची खात्री होती, ते तिने मला नंतर सांगितलं. नोकरी गेली नाही, पण पुढे कितीतरी दिवस आम्ही कागदांवरून सगळं पुन्हा टाइप करत बसलो. त्यातच रमाकांतभाऊ अक्षता आणि खरी पत्रिका घेऊन स्वतः हजर झाले. त्यांचाही कॉम्प्युटर कुणाचं तरी बिल म्हणून आलेली फाईल उघडून आजारी पडला होता, आणि तिथूनच ओळखीच्या सगळ्यांना ही निमंत्रणं गेली होती. ऐकून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वैजू मात्र लग्नाला गेली, साडीही नेली, आणि पंगतीत बसून म्हणाली, या पत्रिकेतून निदान जिलेबी तरी निघाली.

पण मनातून ती हादरली होती. त्यानंतर तिने नियमच केला. फाईल कुणाचीही असो, पाठवणाऱ्याला फोन केल्याशिवाय उघडायची नाही. आणि फोन करायचा तो मेलमध्ये दिलेल्या नंबरावर नाही, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरावर. शिवाय शनिवारी सगळं काम वेगळ्या डिस्कवर उतरवून, ती डिस्क काढून कपाटात बंद. साहेब म्हणाले, बाई, बिल उघडायलासुद्धा मुहूर्त लागतो का? ती म्हणाली, लागतो.

मग सुरू झाले तिचे फोन. वापी, सुरत, अंकलेश्वर... तिचं हिंदी म्हणजे कराडच्या रस्त्याने दिल्लीला जाणारं. "आपने जो फाईल पाठवाया है, वो आपनेच पाठवाया है ना?" हे वाक्य ऑफिसात म्हणीसारखं झालं होतं. चहा मागवताना पोरी एकमेकींना तसं विचारायच्या. समोरची माणसं आधी वैतागायची. पण एकदा वापीच्या एका व्यापाऱ्याने सांगितलं, मी काहीच पाठवलेलं नाही, आणि तेव्हा कुठे त्याला कळलं की आपल्या मेलमध्ये दुसरंच कुणी शिरून बसलंय. तेव्हापासून तो तिला बेन म्हणायला लागला. हळूहळू फोन लांबत गेले. कुणाच्या आईचा मोतीबिंदू, कुणाच्या मुलाची दहावी, सगळं हिला ठाऊक. एका फाईलपायी माझा चहा गार व्हायचा आणि मी चरफडायची.

माझी एडवणची हिराकाकी बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन बसते. घाटावरची वैजू तिच्याकडून पापलेट घेताना नुसतं वरून बघायची आणि म्हणायची, छान चकाकतंय. काकीने एकदा तिला चांगलंच झापलं. "बाय, वरची चमक काय बगते? कल्ला उचलून बग. लाल हाय तर घे, नाय तर नको." वैजूला हे इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या ऑफिसला ऐकवलं. मेलवरचं नाव ही वरची चमक, माणसाला विचारणं म्हणजे कल्ला उचलणं. वसाहतीतल्या बायकांनाही ती हेच सांगत फिरायची. वीजबिलाच्या नावाने, कुरियरच्या नावाने काहीबाही यायचं, आणि घाबरलेल्या बायका आधी वैजूच्या दाराशी जायच्या.

हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी त्या दुपारी माझं बोट फाईलवर होतं. मी स्वतःशीच वाद घालत होते. समजा तिने खरंच लिहून ठेवलं असेल... समजा तेव्हा ते गेलंच नसेल आणि आता कसंतरी सुटलं असेल... ती मला इंग्रजीत एक अक्षरही लिहीत नसे, हे कळत होतं. पण मला तिचं काहीतरी हवं होतं. खोटंसुद्धा चाललं असतं.

शेवटी मी तिच्याच नियमाने वागले. मोबाईलमधून तिचं नाव अजून काढलेलं नव्हतं. तिच्या नंबरावर फोन लावला, तर तो व्यस्त. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. मेलेल्या माणसाचा फोन व्यस्त कसा लागतो? मी लावतच राहिले. बऱ्याच वेळाने तो तिच्या लेकीने, ऋचाने उचलला. पोरीचा घसा बसला होता.

"मावशी, तुम्हीपण मेलचंच विचारताय ना?" ती म्हणाली. "उघडू नका. आईच्या मेलमध्ये कुणीतरी शिरलंय. मी आत्ताच पासवर्ड बदललाय."

मी विचारलं, तुला कसं कळलं?

"सकाळपासून फोन थांबत नाहीये. वापीचे, सुरतचे, अंकलेश्वरचे, मनोरचे भाऊ... कितीतरी जणांना आई गेल्याचं माहीतच नव्हतं, मावशी. ताईंना द्या म्हणतात. मग मलाच सांगावं लागतं. एक काका तर फोनवरच रडायला लागले."

"कुणी उघडलं का गं?"

"एकानेही नाही. सगळे तेच म्हणतात, ताईंना विचारल्याशिवाय कसं उघडणार."

मी तिला विचारलं की आईने माझ्यासाठी काही लिहिलं होतं का. ऋचा म्हणाली, नाही हो, घरी आल्यावर तिला फोनसुद्धा हातात धरवत नव्हता. मग म्हणाली, मावशी ठेवते, आणखी कुणाचा तरी फोन येतोय.

वैजूला मला काय सांगायचं होतं, ते आता मला कधीच कळणार नाही. मी तो मेल न उघडता काढून टाकला. मग ऑफिसात सगळ्यांच्या देखत टेबलावर डोकं ठेवलं आणि ती गेल्यापासून पहिल्यांदाच पोटभर रडले.